सोळा तासांची रात्र कोकणात कुठून आली?

डिसेंबरचा तिसरा आठवडा आला की तो मेसेज परत फिरायला लागतो, वाडीच्या ग्रुपवर, शाळेच्या जुन्या बॅचवर, मुंबईच्या चाकरमान्यांच्या ग्रुपवर, आणि यंदा तर बागायतदारांच्या ग्रुपवर पण आला म्हणून म्हटलं आता लिहायलाच हवं. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी त्याचा मजकूर थोडक्यात असा: २१ डिसेंबरला सूर्य पृथ्वीपासून सगळ्यात लांब असतो, १६ तासांची रात्र असते, निसर्ग झोपी जातो. आपले पूर्वज या दिवशी कामं बंद ठेवून विश्रांती घ्यायचे. या दिवसांत थकवा, उदासी वाटणं नैसर्गिकच, कारण शरीर शीतनिद्रेत जातं. उद्यापासून सूर्य लवकर उगवेल, हीच खरी मकरसंक्रांत. म्हणून आज सगळं थांबवा, लवकर झोपा, शरीर आपोआप नवं होईल.

यातलं एवढं खरं आहे की ती रात्र वर्षातली सगळ्यात मोठी असते आणि तिथून सूर्य उत्तरेकडे परतायला लागतो (तारीख कधी २१ असते कधी २२). बाकीचं एकेक करून बघूया, कारण त्यातलं बरंचसं दुसऱ्याच मुलखातलं आहे आणि ते आपलंच म्हणून वाचत राहिलो की डिसेंबरात आपल्या डोळ्यासमोर काय चाललंय तेच दिसेनासं होतं.

आधी ते १६ तास. रत्नागिरी साधारण १७ अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरला इथे सूर्य सातच्या सुमाराला उगवतो आणि सहा वाजून आठेक मिनिटांनी मावळतो, म्हणजे दिवस ११ तासांच्या थोडा वर आणि रात्र १३ तासांच्या थोडी आत. जूनमधल्या सगळ्यात मोठ्या दिवसाशी तुलना केली तरी फरक दोन तासांचा. १६ तासांची रात्र असते लंडनला. ऑस्लोत दिवस जेमतेम सहा तासांचा आणि नॉर्वेच्या उत्तरेला ट्रॉम्सो गावात तर नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. तिथल्या माणसाला उजेड परत येणार ही केवढी मोठी बातमी असेल! जमीन गोठलेली, गुरं गोठ्यात, शेतात हात घालायला काही नाही, मग घरात शेकत बसणं, साठवलेलं खाणं, दिवस मोठे व्हायची वाट बघणं हे त्यांच्या जगण्यातून आलंय. आयर्लंडमध्ये न्यूग्रेंज म्हणून ५००० वर्षांहून जुनी दगडी बांधणी आहे, तिथे याच दिवसांत उगवत्या सूर्याची तिरीप एका झरोक्यातून लांब बोळ ओलांडून थेट आतल्या गाभाऱ्यात पोचते. ज्यांनी ते बांधलं त्यांना हा दिवस किती महत्त्वाचा होता ते वेगळं सांगायला नको. मला या सगळ्याबद्दल आदरच आहे, पण तो अनुभव त्या अक्षांशाचा आहे, आपल्याकडे तो फॉरवर्डमधून आलाय.

सूर्य सगळ्यात लांब असतो हे तर सरळ उलटं आहे. जानेवारीच्या ३-४ तारखेला पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते, साधारण १४.७१ कोटी किलोमीटर, आणि जुलैच्या सुरुवातीला सगळ्यात लांब, १५.२१ कोटी. थंडी पडते ती पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांच्या आसपास कललेला आहे म्हणून, ऊन तिरपं पडतं आणि कमी वेळ पडतं. रत्नागिरीत २१ डिसेंबरला भर दुपारीही सूर्य ५० अंशांपर्यंतच चढतो, आणि मे महिन्यात एक दिवस असा येतो की तो बरोब्बर डोक्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली पडत नाही. शाळेतल्या मुलांना हे अंगणात करून दाखवता येतं.

आता उद्यापासून सूर्य लवकर उगवेल हे वाक्य. हे बहुतेक सगळ्यांनाच खरं वाटतं, पण पंचांगातले किंवा मोबाईलमधले उदयास्त उघडून बघा. आपल्याकडे सूर्यास्त सगळ्यात लवकर होतो तो नोव्हेंबरच्या चौथ्या आठवड्यात, सहा वाजून एखाद मिनिटाने. २१ डिसेंबरपर्यंत तो सातेक मिनिटं पुढे गेलेला असतो. आणि सूर्योदय मात्र त्यानंतरही उशिराच होत जातो, जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत, तेव्हा तो सात-दहाच्या आसपास असतो. कारण असं की या दिवसांत पृथ्वी सूर्याजवळ असल्यामुळे तिचा सूर्याभोवती फिरण्याचा वेग जास्त असतो, त्यात आस कललेला, त्यामुळे एका मध्यान्हापासून दुसऱ्या मध्यान्हापर्यंत २४ तासांपेक्षा अर्धा मिनिट जास्त लागतो आणि रोज थोडं थोडं करत उगवणं-मावळणं दोन्ही पुढे सरकतं. दिवस मोठा होतो तो संध्याकाळच्या बाजूने. पहाटे उठणाऱ्या कुणालाही विचारा, जानेवारीत काळोख जास्त वेळ राहतो हे तो घड्याळ न बघता सांगेल.

आणि हीच खरी मकरसंक्रांत, यात अर्धा भाग इतिहास आहे. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या आसपास ही सगळ्यात मोठी रात्र आणि संक्रांत जवळजवळ एकाच दिवशी यायच्या. पण पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा हळूहळू डुलतो, एका फेरीला सुमारे २६००० वर्षं, आणि त्यामुळे ताऱ्यांवरून मोजलेली संक्रांत दर ७०-७२ वर्षांनी एक दिवस पुढे जाते. आज ते अंतर २४ दिवसांपर्यंत आलंय. आपल्याकडे टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत संक्रांत १० जानेवारीलाच होते हे कोकणात अनेकांना माहीत आहे, शेजारच्या घरी १४ किंवा १५ ला, कारण ताऱ्यांची मोजणी कुठून सुरू करायची यावर दोन पंचांगांचं मत वेगळं आहे. सरकारी राष्ट्रीय दिनदर्शिका, जी २२ मार्च १९५७ पासून सुरू झाली, ती सूर्याच्या प्रत्यक्ष अयनावर चालते आणि तिच्यात २२ डिसेंबरला पौष १ येतो. तिळगूळ ज्या दिवशी वाटायचा त्या दिवशी वाटा, त्यात खरं-खोटं काही नाही. २१ डिसेंबरचं उत्तरायण आणि आपला सण या दोन वेगळ्या मोजण्या आहेत, इतकंच.

निसर्ग झोपी जातो हे मात्र वाचून मला खरंच वाईट वाटतं, आणि ते आंब्याच्या बागेत राहणाऱ्या माणसाने फॉरवर्ड केलेलं असलं की जास्तच. अहो, डिसेंबरात हापूस मोहोरतो! ऑक्टोबरच्या उन्हात पालवी जून होते, मग रात्री गार पडायला लागल्या की शेंड्यातून मोहोर फुटतो, म्हणजे ज्या थंडीला मेसेजमध्ये झोपेची थंडी म्हटलंय त्याच थंडीने आपलं झाड कामाला लागतं. आत्ता आलेल्या मोहोराचा आंबा मार्च-एप्रिलात हाताला लागणार. या दिवसांत दोन दिवस मळभ आलं तरी घरातलं जेवण गोड लागत नाही कारण तुडतुडे, करपा, भुरी असे कीड-रोग सगळे एकदम येतात, फवारणीचा पंप पाठीवरून उतरत नाही, बागेतले नेपाळी गडी पहाटेपासून झाडावर असतात. काजूलाही याच सुमाराला मोहोर. भात निघालेल्या मळ्यात उरलेल्या ओलीवर कुळीथ, चवळी, वाल वाढत असतात, आणि रायगडात वालाच्या शेंगा भरल्या की भांबुर्डीचा पाला घालून मडक्यात शेंगा भाजतात ती पोपटी लागायला लागते.

समुद्राकडे बघा. ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रात्री वेळास, आंजर्ले, गुहागरच्या किनाऱ्यावर येतात, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात आणि परत जातात. डिसेंबरच्या त्या मोठ्या रात्रीत आपल्या किनाऱ्यावर नव्या जिवांची सुरुवात होत असते आणि कासवमित्र वाळूवरचे माग शोधत पहाटे फिरत असतात. वेळासला हे संवर्धनाचं काम २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने सुरू केलं. अशा वेळी निसर्ग झोपलाय म्हणायचं?

कोकणाला थांबायचा काळ आहे, पण तो पावसात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, होड्या वर ओढून झापाखाली शाकारलेल्या, जाळी विणायची, डागडुजी करायची, आणि मासळीच्या प्रजननाचाही तोच काळ, म्हणजे समुद्रालाही उसंत. मग नारळी पौर्णिमेला नारळ देऊन पुन्हा सुरुवात. शेतकऱ्याला लावणीची धावपळ असते, त्याचा निवांतपणा लावणी आटपल्यावर श्रावणात. विश्रांती आणि नव्याने सुरुवात दोन्ही आपल्या वर्षात आहेत, कॅलेंडरच्या वेगळ्या पानावर आहेत.

पूर्वज या दिवशी कामं बंद ठेवून झोपायचे, याला निदान तळकोकणात तरी काही आधार दिसत नाही. कार्तिकात भात घरात आलं की जत्रांचा हंगाम सुरू होतो, एकेका गावच्या देवळात रात्री पालखी फिरते आणि मग दशावतार उभा राहतो तो उजाडेपर्यंत, शेवटी दहीकाला. धयकालो बघायला पोरंबाळं, म्हाताऱ्या बायका घोंगडी-चादर घेऊन देवळासमोर बसून रात्र काढतात, खाज्याच्या दुकानांवर दिवे असतात. वर्षातल्या सगळ्यात मोठ्या रात्री आपल्या माणसांनी जागायला वापरल्या! आणि हे फक्त आपल्याकडे नाही, इराणमध्ये याच रात्री यल्दा साजरी करतात, घरातले सगळे एकत्र बसून डाळिंब, कलिंगड खात, कविता वाचत उशिरापर्यंत जागतात.

आता जो मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. शरीर शीतनिद्रेत जातं, म्हणून थकवा आणि उदासी नैसर्गिक. माणूस शीतनिद्रेत जात नाही. थंडीत झोप थोडी वाढते हे खरं आहे, २०१५ साली टांझानिया, नामिबिया आणि बोलिव्हियातल्या वीज नसलेल्या तीन समाजांच्या झोपेचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातले नामिबियातले सान लोक विषुववृत्तापासून जवळपास आपल्याइतकेच लांब राहतात. ही माणसं सूर्य मावळल्यावर तीन तासांहून जास्त वेळाने झोपत, सरासरी सहा-सात तास झोपत, आणि थंडीत उन्हाळ्यापेक्षा सुमारे तासभर जास्त. बस, तासभर. हिवाळ्यातल्या उदासीचा जो आजार आहे त्याचं वर्णन १९८४ साली अमेरिकेत रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी केलं आणि तो छोट्या, अंधारलेल्या दिवसांशी जोडला जातो. आपल्याकडे ११ तास लख्ख ऊन असतं. त्यामुळे घरातली बाई आठवडेच्या आठवडे थकलेली दिसत असेल तर दिवस लहान झालाय म्हणून सोडून देऊ नका, हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी १२ तपासून घ्या, ग्रामीण रुग्णालयात दाखवा. एखादा मुलगा बोलेनासा झालाय, जेवत नाही, झोपत नाही, तर त्याला उत्तरायणाची वाट बघायला सांगू नका, त्याच्याशी बोला, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. या एका वाक्यामुळे कुणाचा इलाज महिनाभर लांबला तर ते नुकसान ग्रहताऱ्यांच्या चुकीपेक्षा फार मोठं आहे.

राहिलं शेवटचं, सगळं थांबवा आणि लवकर झोपा. एका रात्रीने शरीर नवं होत नाही, वर्षभराची मोडलेली झोप एका तारखेला भरून निघत नाही. आणि थांबणार कोण? हर्णै बंदरात मासळीच्या लिलावाच्या वेळेला टोपली घेऊन उभी असलेली बाई थांबू शकत नाही, काजूच्या कारखान्यात दिवसभर बसून बिया फोडणारी थांबू शकत नाही, बोटीवरचा खलाशी तर नाहीच, त्यांची मजुरी दिवसावर आहे. पावसातली बंदीसुद्धा त्यांच्यासाठी बिनपैशाचे दोन महिने असतात. ज्या बागायतदार भावांनी हा मेसेज प्रेमाने पाठवला त्यांना माझं एवढंच म्हणणं आहे की मोहोरावरच्या फवारणीची फेरी संपली की गड्यांना एक भरपगारी सुट्टी द्या, तारीख कुठलीही चालेल, आमच्याकडे या वर्षापासून ठरवलंय आणि पहिली सुट्टी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आहे.