‘98 टक्के अचूक’ एआय आणि न झालेली तपासणी

सध्या एक दावा जोरात फिरतोय: “एआय काँक्रीटमधले तडे 98 टक्के अचूक ओळखतं. ड्रोननं फोटो काढा, सॉफ्टवेअरला द्या. पूल तपासायला आता अभियंता लागत नाही.” उद्या कुणी यावर विसंबून पूल सुरक्षित ठरवला तर? म्हणून हा दावा तुकड्यातुकड्यानं तपासू.

आधी तो आकडा. 98च्या आसपासचे निकाल प्रयोगांत खरोखर आलेत. पण कशावर? या कामात खूप वापरल्या जाणाऱ्या एका खुल्या संग्रहात 40,000 चित्रं आहेत, निम्म्यांत तडा आणि निम्म्यांत नाही. ती सगळी 458 मोठ्या फोटोंचे तुकडे पाडून तयार केलेली. हे तुकडे सरमिसळ करून काही एआयला शिकवायला आणि काही त्याची परीक्षा घ्यायला वाटले, तर एकाच भिंतीचा एक तुकडा शिकवण्यात आणि शेजारचा परीक्षेत येतो. मग गुण चांगले पडणारच.

शिवाय प्रत्यक्षात तडे निम्म्या पृष्ठभागावर नाही, तर फार थोड्या भागात असतात. समजा, 10,000 तुकड्यांपैकी 100 तुकड्यांतच तडा आहे आणि मॉडेल (म्हणजे फोटोंवरून शिकवलेलं ते सॉफ्टवेअर) तडा असलेल्या आणि नसलेल्या दोन्ही तुकड्यांत 98 टक्के बरोबर आहे. 98 तडे सापडतील, 2 सुटतील आणि चांगल्या 9,900 तुकड्यांपैकी 198 तुकड्यांवर खोटा इशारा येईल. म्हणजे 296 इशाऱ्यांपैकी दोन तृतीयांश चुकीचे: शटरिंगच्या (काँक्रीट ओतायच्या साच्याच्या) सांध्याची रेघ, पाण्याचा ओघळ, सावली, कोळ्याचं जाळं. ते निवडायला माणूसच बसवावा लागतो. इथे डोळे मिटून प्रत्येक वेळी ‘तडा नाही’ म्हणणारं मॉडेलसुद्धा 99 टक्के अचूक ठरतं! त्यामुळे सुटलेले तडे किती आणि खोटे इशारे किती, हे वेगवेगळं विचारायलाच हवं. तेही मॉडेलनं आधी कधीच न पाहिलेल्या बांधकामावरचं.

“ड्रोननं फोटो काढा” हेही वाटतं तितकं सोपं नाही. 0.2 मिमीची भेग नीट टिपायची तर एका पिक्सेलला साधारण 0.1 मिमी हे प्रमाण हवं. मग 4,000 × 3,000 पिक्सेलच्या फोटोत जेमतेम 40 × 30 सेंमी भाग मावतो. 50 चौरस मीटरच्या भिंतीला चारशेहून जास्त फोटो लागतात. दुरून काढलेल्या फोटोत ती भेग उतरलेलीच नसते, मग मॉडेल कितीही हुशार असो.

“अभियंता लागत नाही” हा भाग मला सगळ्यात घातक वाटतो. तुळईच्या मध्यावर खालून वर गेलेली केसासारखी उभी भेग बऱ्याचदा अपेक्षितच असते. तेवढीच बारीक भेग आधाराजवळ तिरकी दिसली, तर लगेच धावपळ करावी लागते. सळईला समांतर धावणारी भेग आतल्या गंजाची शंका आणते. तडा ओळखायलाच शिकवलेल्या मॉडेलसाठी मात्र तिन्ही नुसते ‘तडा’. भेग वाढतेय का, किती खोल आहे, हे एका फोटोवरून कळत नाही.

काही बिघाड तर पृष्ठभागावर येतच नाही. आतून सुटलेला थर हातोडीनं ठोकल्यावर पोकळ वाजतो, वरून मात्र तो गुळगुळीत दिसू शकतो. इटलीतल्या जेनोवा शहरातला मोरांदी पूल 14 ऑगस्ट 2018 रोजी कोसळला आणि 43 माणसं गेली. त्याच्या आधाराच्या पोलादी तारा काँक्रीटच्या आवरणात बंद होत्या आणि आतल्या आत गंजल्या होत्या.

हे तंत्र मला हवंच आहे, पण योग्य कामाला. उंच खांब किंवा धरणाची भिंत घ्या. ठरावीक काळानं त्याच जागेचे, त्याच अंतरावरून फोटो काढायचे आणि कुठली भेग लांबली, कुठली नवी आली, याची यादी मॉडेलकडून करून घ्यायची. शेकडो फोटोंनंतरही त्याचं लक्ष ढळत नाही, माणसाचं ढळतं. ती यादी हातात घेऊन आधी कुठे शिडी लावायची, ते अभियंता ठरवेल.