खुलासा : गांडूळ प्रत्येक जंगलाचा मित्र नाही

'गांडुळे सोडा, कुठलेही जंगल सुपीक होईल' हा फिरणारा संदेश चुकीचा आहे. शेतात गांडूळ उपकारकच, पण अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या मेपल जंगलांत मूळची गांडुळे नाहीतच. हिमयुगात तो प्रदेश बर्फाखाली होता. तिथे पाचोळा बुरशी आणि जिवाणूंमुळे सावकाश कुजतो, त्याचा मऊ, जाड थर साचतो आणि त्यातच मेपलची रोपे, ट्रिलियमसारखी रानफुले रुजतात. युरोपातून आलेली गांडुळे हा थर झपाट्याने फस्त करतात. मग माती उघडी पडते, घट्ट होते, धुपते. मासेमारीच्या आमिषातून ती आजही पसरतात. तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींना कळकळीची विनंती : उरलेली गांडुळे जंगलात टाकू नका, कचऱ्याच्या डब्यात टाका. एकदा पसरलेली गांडुळे काढून टाकण्याचा व्यवहार्य उपाय नाही.