"शेवटी पोट कापायचंच होतं तर आधीच का नाही कापलं?" या अभिप्रायाला प्रसूतिगृहाचं उत्तर

नमस्कार.

आमच्या फोंड्याच्या प्रसूतिगृहाबद्दलचा तुमचा अभिप्राय मी दोनदा वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पहिलं बाळंतपण दुसरीकडे सिझरनं झालं होतं. दुसरं नॉर्मल व्हावं म्हणून तुम्ही मुद्दाम आमच्याकडे आलात. आम्ही आशा लावली, मिसेसना रात्रभर कळा सोसायला लावल्या आणि पहाटे सिझरच केलं. मशीनचा पट्टा बांधून त्यांना खाटेला जखडून ठेवलं, तारीख उलटली तरी कळांची गोळी दिली नाही, भीती घालणाऱ्या कागदांवर सह्या घेतल्या आणि बिल दोन्हींचं लावलं.

तुमच्या मिसेसच्या फाईलमधलं मी इथे काहीच लिहिणार नाही. ती माहिती त्यांची आहे आणि हे चव्हाट्यावरचं लिखाण आहे. तुम्ही स्वतः जे मांडलंत त्यावर, आणि आधी सिझर झालेल्या प्रत्येक बाईच्या बाबतीत आम्ही काय करतो त्यावर तेवढं बोलते.

आधीच का नाही कापलं? कारण आधी ते कुणालाच कळत नाही. मलाही नाही. गर्भाच्या पिशवीच्या खालच्या भागात आधीच्या सिझरचा एकच आडवा छेद असेल आणि दुसरी अडचण नसेल, तर अशा 100 बायकांपैकी साधारण 72 ते 75 जणींचं नॉर्मल होतं. पूर्वी एखादं बाळंतपण नॉर्मल झालेलं असेल तर हाच आकडा 85 ते 90 वर जातो. पहिलं सिझर कळा अडल्यामुळे झालं असेल, वजन जास्त असेल, कळा औषधानं आणाव्या लागल्या, तर तो बराच खाली येतो. प्रत्येक जोडप्याला मी हे आकडे कागदावर लिहून देते आणि उरलेल्या बायकांचं काय होतं तेही त्याच वेळी सांगते. त्यांचं सिझर होतं, आणि कळा सुरू झाल्यानंतरचं सिझर आधी ठरवून केलेल्यापेक्षा थोडं जोखमीचं असतं. रक्त जास्त जाऊ शकतं, जंतुसंसर्ग होऊ शकतो. हे ऐकून काही जणी ठरवून सिझर करायचं म्हणतात. तोही चांगला निर्णय आहे, मग मी 39 आठवडे पूर्ण झाल्यावरची तारीख देते. ज्या प्रयत्न करायचा म्हणतात त्यांच्यासाठी दोन्ही वाटा शेवटच्या क्षणापर्यंत उघड्या ठेवायच्या, एवढंच आमच्या हातात असतं. "नॉर्मल करून देते" असं मी कुणालाही म्हणत नाही. "प्रयत्न करू, आणि थांबायची वेळ आली तर थांबू" असं म्हणते.

तुमच्या सासूबाई आधीपासून सांगत होत्या की एकदा सिझर झालं की पुढचं सिझरच, असंही तुम्ही लिहिलंय. हा समज डॉक्टरांकडूनच आलेला आहे. 1916 साली न्यूयॉर्कच्या एडविन क्रेगिन या डॉक्टरांनी जवळजवळ हेच वाक्य लिहिलं होतं. त्या काळी पिशवीवर वरच्या, जाड भागात उभा छेद घेत. पुढच्या कळांत तो उसवण्याची भीती खरोखरच मोठी होती, आजही तशा छेदानंतर आम्ही कळांची वाट पाहत नाही. नंतर ग्लासगोच्या मुन्रो केर यांनी खालच्या पातळ भागातला आडवा छेद रूढ केला. तो चांगला भरून येतो. म्हणून तर पहिल्याच भेटीत आम्ही जुनं डिस्चार्ज कार्ड मागतो आणि नसेल तर त्या हॉस्पिटलकडून काढून आणायला लावतो. पोटावरचा टाका आडवा दिसला म्हणून आतलाही आडवाच असेल असं नाही. कातडी कापायची पद्धत वेगळी, पिशवी कापायची वेगळी.

आता पट्ट्याबद्दल. तो कंटाळवाणा आहे, घट्ट वाटतो, कूस बदलली की सरकतो आणि सिस्टर पुन्हा येऊन बांधते. रात्रभर हे चाललं की जीव मेटाकुटीला येतो, मला कळतं. पण त्या मशीनमधून जो कागद बाहेर येत राहतो त्यावर दोन रेघा असतात. वरची बाळाच्या ठोक्यांची, खालची कळांची. कळ आली की खालची रेघ टेकडीसारखी वर चढते आणि उतरते. त्या वेळी वरची रेघ कशी वागते हे आम्ही पाहत असतो. कळ ओसरल्यावरही ठोके खालीच राहिले, किंवा सावरायला दर वेळी जास्त वेळ लागू लागला, की सिस्टर मला हाक मारते. जुना टाका उसवायला लागला तर बहुतेक वेळा सगळ्यात आधी बाळाचे ठोकेच बिघडतात. दोन कळांच्या मध्येही न थांबणारं दुखणं, अंगावरून रक्त जाणं, चालू असलेल्या कळा एकाएकी थांबणं, हे सगळं नंतर दिसतं, कधी दिसतही नाही. एका आडव्या छेदानंतर टाका उसवण्याचं प्रमाण साधारण 200 बायकांत एक आहे. कमी आहे, पण त्या एकीच्या बाबतीत हातात मिनिटं असतात. दर अर्ध्या तासानं ठोके ऐकून ती मिनिटं सापडत नाहीत. पट्टा लावून खाटेशेजारी उभं राहता येतं, खुर्चीत बसता येतं, आणि ते आम्ही करू देतो. कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारू देत नाही आणि देणारही नाही.

कळांच्या गोळीचंही तसंच. तुमच्या शेजारणीला ती गोळी दिली आणि चार तासांत मोकळी झाली, असं तुम्ही लिहिलंय. त्यांच्या पिशवीवर टाका नसेल. मिसोप्रोस्टॉलची गोळी, जी बाकीच्या बायकांना सर्रास देतात, ती जुना छेद असताना दिवस भरलेल्या बाईला द्यायची नसते. तिनं कळा अचानक जोरात येतात आणि टाक्यावर ताण पडतो. अशा वेळी आपोआप कळा येण्याची वाट पाहायची. अगदीच गरज पडली तर पिशवीच्या तोंडाशी कॅथेटरचा फुगा ठेवायचा, किंवा सलाईनमधून पंपावर थेंब मोजून औषध द्यायचं, तेही भूलतज्ज्ञ इमारतीत असताना. तारीख उलटल्यावर घरच्यांचा धीर सुटतो. पण गणेश चवथीच्या आधी मोकळी व्हावी म्हणून कळा घाईनं आणणं या बायकांच्या बाबतीत मला मान्य नाही, मग कुणी कितीही आग्रह करो.

कागदांवरच्या सह्या भीती घालायला नव्हत्या. त्यात टाका उसवण्याचा धोका लिहिलेला असतो, तसाच वारंवार सिझर करण्याचाही. दुसरी बाजू लोक वाचत नाहीत म्हणून इथे लिहिते. प्रत्येक सिझरनंतर पुढच्या वेळी वार (प्लासेंटा) जुन्या टाक्यात रुतून बसण्याची शक्यता वाढते. वार खाली, पिशवीच्या तोंडाशी उतरलेली असेल तर दुसऱ्या सिझरच्या वेळी हा धोका 11 टक्क्यांच्या आसपास असतो, तिसऱ्या वेळी 40 च्या. मग रक्तस्राव आवरेना झाला की पिशवी काढावी लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत गोव्यातली सुमारे 40 टक्के बाळंतपणं सिझरनं झालेली आहेत. म्हणजे तुमच्यासारखा प्रश्न आज सत्तरीपासून काणकोणपर्यंत हजारो घरांत आहे, आणि त्यांना दुसरी वाट दाखवणारं कुणीतरी जवळपास असायला हवं. त्यासाठी थिएटर तयार ठेवावं लागतं, भूलतज्ज्ञांना रात्रभर थांबवावं लागतं, रक्ताची सोय आधी करावी लागते. भोमच्या अरुंद रस्त्यानं बांबोळीचं सरकारी हॉस्पिटल गाठू, असं म्हणून हे बाळंतपण करता येत नाही.

बिलाचं सांगते. बाळंतपणाची फी एकदाच लावलेली आहे. लेबर रूम, मशीन आणि भूलतज्ज्ञ थांबल्याचा आकार वेगळा, थिएटरचा वेगळा. दोन्ही शक्यतांचे आकडे 36 व्या आठवड्यात दिलेल्या अंदाजपत्रकात शेजारी शेजारी छापलेले असतात. त्याची प्रत तुमच्याकडे आहे, ती बिलाशेजारी ठेवून पाहा. फरक सापडला तर हिशेब काउंटरवर लगेच दुरुस्त करून मिळेल.

आणि आता ज्यासाठी खरं तर मी लिहायला बसले ते. अभिप्रायाच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, "एवढं करून तिला जमलंच नाही." हे वाक्य तुम्ही काढून टाकावं अशी माझी विनंती आहे. मला दिलेले शब्द तसेच राहू द्या, पण हे काढा. कळांमध्ये पिशवीचं तोंड किती उघडतं, बाळ डोकं कसं वळवतं, ठोके कळांना किती तग धरतात, यातलं काहीच बाईच्या इच्छाशक्तीवर ठरत नाही. "जमलं नाही" हे ऐकून आठ-आठ महिने रडणाऱ्या बायका माझ्यासमोर बसलेल्या आहेत. त्यांचं बाळ मांडीवर खेळत असतं आणि त्या विचारत असतात, मी अजून थोडा वेळ थांबले असते तर? उत्तर एकच असतं: नाही. थांबायचं हे मी ठरवते. कागदावरची रेघ पाहून किंवा तासन् तास तोंड पुढे न उघडल्यामुळे ठरवते, आणि ते ठरवणं हाही त्या प्रयत्नाचाच भाग आहे. त्या कळा वायाही जात नाहीत. कळा सोसून जन्मलेल्या बाळाच्या फुफ्फुसातलं पाणी लवकर ओसरतं, श्वासाचा त्रास कमी होतो.

ताई, तुम्ही हे वाचत असाल तर तुमच्यासाठी: तुमच्याकडून काही राहून गेलं नाही.

फाईलची पूर्ण प्रत मागायचा हक्क तुम्हाला आहे. अर्ज दिलात की नियमाप्रमाणे 72 तासांच्या आत मिळेल, ठोक्यांच्या कागदासकट. तो कागद मी तुम्हा दोघांना सुरुवातीपासून वाचून दाखवते, कुठे काय पाहिलं आणि कधी थांबायचं ठरवलं ते. ती प्रत पुढच्या वेळीही लागेल. दोन छेदांनंतर विचार वेगळा करावा लागतो, आणि तेव्हा तुम्ही कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी तो आधी हेच कागद मागेल. ओपीडी दुपारी एकला संपते, त्यानंतर या, म्हणजे घाई नसेल. बाळाला घरी ठेवून यायची गरज नाही.