त्या बाकावरच्या पोराकडे कुणी बघितलंच नाही

आज सकाळी आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकाने एलिझाबेथ फोर्ब्जचं 'स्कूल इज आउट' हे चित्र टाकलं. खाली ओळ, 'काय शाळा होत्या! आताच्या पोरांना धाकच नाही.' त्यावर अंगठ्यांची रांग. तेव्हापासून डोकं फिरलंय माझं.

अरे, चित्र नीट बघा तरी! 1889 चं, इंग्लंडातल्या कॉर्नवॉलमधलं. आज ते तिथल्याच पेन्झान्स गावच्या पेनली हाऊस या कलादालनात आहे. शाळा सुटलीय, पोरं दाराकडे निघालीत आणि एक पोरगं बाकावर बसून रडतंय.

आमचा धाकटा असाच बसायचा. बोलताना अडखळायचा. शाळा सुटली की बाई त्याला पाढे म्हणायला थांबवून घ्यायच्या आणि मी दोघांची दप्तरं घेऊन दाराबाहेर उभी. आतून 'तेरा चोक... तेरा चोक...' बावन्न काही बाहेर पडायचं नाही. पाठ होतं हो त्याला! घरी गोठ्यात शेळीपुढे अख्खा पाढा घडाघडा म्हणायचा.

तिकडे इंग्लंडात 1862 पासून शाळेचं सरकारी अनुदान मुलांच्या हजेरीवर आणि इन्स्पेक्टरसमोर वाचन, लेखन, गणित जमतंय का यावर ठरायचं. म्हणजे अडखळणारं पोर हा शाळेचा तोटा! 1880 ला शाळा सक्तीची केली, पण फी 1891 पर्यंत बहुतेक ठिकाणी आईबापांनीच भरायची. याला शिस्त म्हणायचं?

बरं, त्या सक्तीमुळे गरिबाघरची पोरं लिहाय-वाचायला शिकली, मान्य. मास्तरणीलाही वरून जाच असणार, तेही मान्य. पण म्हणून रडणारं पोर दिसूच नये?

फोर्ब्जबाईंना दिसलं. सुटलेल्या शाळेचं नुसतं हसरं चित्र त्यांना सहज काढता आलं असतं. त्यांनी त्या पोराला वगळलं नाही. दुपारी चित्र मोठं करून बघत बसले तेव्हा माझा राग जरा निवला, खोटं का बोलू.

पण धाकटा आज दोन पोरांचा बाप आहे आणि अजूनही फोनवर कुणाला आकडा सांगायचा झाला की फोन बायकोच्या हातात देतो. ग्रुपवरच्या तुम्ही सगळ्यांनी व्हरांड्यातून जाता जाता त्याचं रडणं ऐकलंय. माझ्याबरोबरच होतात की!

चित्र राहू दे ग्रुपवर. ती धाकाची ओळ तेवढी काढून टाका.