दातातली चांदी घाईने उकरू नका

सोलापुरातल्या नातेवाइकांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: 'दातातल्या चांदीत अर्धा पारा असतो, तो मेंदूत जातो. युरोपने म्हणून बंदी घातली. आजच काढा, थकवा-सांधेदुखी पळेल.' त्यामुळे धडधाकट दाढा उकरून द्या म्हणणारी मंडळी माझ्या दातांच्या दवाखान्यात येऊ लागली आहेत.

अर्धा पारा, हे खरंच आहे. बाकी चांदी, कथील, तांबं. पण ते घोटून भरलं की घट्ट धातू बनतो आणि पारा त्यात बांधला जातो.

तरी थोडी वाफ सुटतेच. कडक भाकरी चावताना, झोपेत दात खाताना जरा जास्त. पण हिशेब दिवसाला काही मायक्रोग्रॅमचा. तेवढ्याने अपाय होतो का, हे तपासायला अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडमध्ये आणि लिस्बनमध्ये मिळून हजारावर मुलं घेतली. निम्म्यांना चांदी भरली, निम्म्यांना दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट. पाच ते सात वर्षांनी, २००६ साली निकाल आले. चांदीवाल्यांच्या लघवीत पारा थोडा जास्त होता. बुद्धी आणि स्मरणशक्तीत फरक नव्हता.

मेसेजखाली मिनामाताच्या रुग्णांचे फोटो लावलेत, ते तर फार चुकीचं. जपानमधल्या त्या लोकांच्या पोटात कारखान्याच्या सांडपाण्यातलं मिथाइल मर्क्युरी माशांतून गेलं होतं. ते रसायन वेगळं.

युरोपीय संघात १ जानेवारी २०२५ पासून चांदी भरणं जवळपास बंद झालं, हेही खरं. पण त्यामागे मुख्य काळजी पाणी आणि हवेत जाणाऱ्या पाऱ्याची आहे. आधी भरलेली चांदी काढा, असं त्या नियमात नाही.

आता 'आजच काढा'चं. ड्रिल लागलं की वाफ उलट वाढते, आणि सोबत चांगला दातही थोडा कोरला जातो. काढल्याने सांधेदुखी जाते याला पटण्यासारखा पुरावा नाही. दुखण्याने गांजलेल्या माणसाला अशी आशा दाखवणं मला सहन होत नाही. भरलेलं फुटलं, खाली कीड लागली किंवा चांदीला लागून गालाला आतून चट्टा उठला, तर मात्र जरूर काढावं. रबर डॅम (दाताभोवती लावायचा रबरी पडदा), पाण्याचा फवारा आणि जोरदार सक्शन लावून.

नवीन भरताना सावधगिरी हवीच. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, सहा वर्षांखालची मुलं, मूत्रपिंडाचे किंवा मज्जासंस्थेचे रुग्ण यांना शक्यतो चांदी भरू नये, असं अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०२० मध्ये सांगितलं. मीही तेच करते. गरोदर बाईच्या तोंडातली जुनी, शाबूत चांदी मात्र तशीच राहू देते.