‘क्लब बदल की’ म्हणणाऱ्यांनो, आता बास!

एव्हर्टन, म्हणजे इंग्लंडमधला माझा फुटबॉल क्लब, हरलं की माझ्या फोनवर सगळ्यात आधी येणारा मेसेज सांत्वनाचा नसतो. “बदल की क्लब आता!” एवढंच, आणि पुढे हसण्याची चिन्हं. पाठवणारा कधी ऑफिसातला असतो, कधी शाळेच्या ग्रुपवरचा, कधी सख्खा मावसभाऊ. वाक्य मात्र तेच. मला या वाक्याची आता चीड येते. डोकं तडकतं अक्षरशः. इतकी वर्षं गिळलं, आज नाही गिळणार.

सल्ला द्यायचाय तर निदान क्लब कुठला ते तरी माहीत करून घ्या. निळी जर्सी घालून बाहेर पडलो की प्रश्न ठरलेला, “चेल्सी का?” नाही. “मग?” एव्हर्टन. “ते कुठलं?” लिव्हरपूल शहरातलं. “अच्छा, म्हणजे लिव्हरपूल!” अहो, नाही! शहराचं नाव लिव्हरपूल, क्लब एव्हर्टन, 1878 साली सेंट डोमिंगो चर्चच्या पोरांनी सुरू केलेला. ज्या अ‍ॅनफिल्डचं नाव तुम्ही उठता-बसता घेता, त्या मैदानावर तुमच्या आधी आम्ही खेळत होतो. 1891 ची लीग आम्ही तिथेच असताना जिंकली. पुढच्याच वर्षी मैदानाचा मालक जॉन हौल्डिंगशी भाड्यावरून आणि जागेच्या व्यवहारावरून बिनसलं, क्लब उठला आणि स्टॅनली पार्कच्या पलीकडे गुडिसनच्या मैदानावर गेला. मैदान ओस पडलं म्हणून हौल्डिंगने एक नवा क्लब काढला. तोच तुमचा लिव्हरपूल. आणि ज्याला हे ठाऊक नाही तो मला विचारतो, “या एव्हर्टनला काही इतिहास आहे का?”

आहे. 1888 मध्ये बारा क्लबांनी मिळून फुटबॉल लीग सुरू केली, त्यांतला एक एव्हर्टन. नऊ वेळा लीग जिंकलेली आहे. इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या डिव्हिजनमध्ये आमच्याइतके हंगाम दुसरा कुठलाच क्लब खेळलेला नाही. 1927-28 च्या एका हंगामात डिक्सी डीनने लीगमध्ये 60 गोल मारले, तो विक्रम आजही कुणाला मोडता आलेला नाही. आणि 1985! मॅनेजर हॉवर्ड केंडलच्या संघाने लीग जिंकली, रॉटरडॅमला रॅपिड व्हिएन्नाला 3-1 हरवून युरोपातला कप विनर्स कप आणला. त्यानंतर दोन आठवड्यांत, 29 मे रोजी, ब्रसेल्सच्या हेझेल स्टेडियममध्ये लिव्हरपूल आणि युव्हेंटसच्या सामन्याआधी लिव्हरपूल समर्थकांच्या हुल्लडीत 39 माणसं मेली. इंग्लंडच्या सगळ्या क्लबांना युरोपात बंदी झाली. त्या रात्री आमचा क्लब तिथे नव्हता, आमचे समर्थक तिथे नव्हते, तरी युरोपियन कप खेळायचा आमचा हक्क गेला. 1987 मध्ये पुन्हा लीग जिंकली, पुन्हा दार बंद. गेलेल्या माणसांपुढे ट्रॉफीचं काय घेऊन बसायचं, हे मलाही कळतं. पण तो संघ युरोपात गेला असता तर आज “एव्हर्टन कोण?” असं विचारायची कुणाची हिंमत झाली नसती.

मी या क्लबचा झालो 2002 च्या ऑक्टोबरात. शाळेत होतो. शनिवारी संध्याकाळी टीव्हीवर एव्हर्टन आणि आर्सेनलचा सामना लागला होता. आर्सेनल लीगमध्ये सलग तीस सामने हरलेलं नव्हतं. शेवटच्या मिनिटाला सोळा वर्षांच्या वेन रूनीने लांबून असा काही बॉल घुमवला की क्रॉसबारच्या खालच्या कडेला लागून जाळीत! गोलकीपर डेव्हिड सीमन हवेत. गुडिसनची ती गर्दी, एकमेकांना लागून असलेल्या जुन्या लाकडी स्टँडमधला तो आवाज, मैदानाच्या कोपऱ्यात खेटून उभं असलेलं सेंट ल्यूक्स चर्च. मी तिथेच त्यांचा झालो.

दोन वर्षांनी रूनी मँचेस्टर युनायटेडला गेला. “आता तूही जा युनायटेडला,” तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. का जाऊ? रूनीनंतरच्याच हंगामात मॅनेजर डेव्हिड मॉयसच्या टीमने, खिशात पैसे नसताना, चौथा नंबर काढला. लिव्हरपूलच्या वर! मग ऑगस्टमध्ये चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत व्हियारेआलविरुद्ध डंकन फर्ग्युसनने हेडरने बरोबरीचा गोल मारला आणि रेफरी कोलिनाने तो रद्द केला. कशासाठी रद्द केला ते मला आजही समजलेलं नाही. मध्यरात्र उलटून गेली होती, घरचे झोपले होते, ओरडताही येईना. त्या रात्रीचा राग अजून उतरलेला नाही आणि उतरावा असं मला वाटतही नाही.

मी कोल्हापूरचा आहे. आता नोकरीसाठी पुण्यात. कोल्हापूरकरांनी मला “क्लब बदल” म्हणावं, हे तर मला मुळीच सहन होत नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारचा सामना असला की शहर कसं होतं, हे काय मी सांगायला पाहिजे? खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, बालगोपाल, प्रॅक्टिस, ज्याची त्याची तालीम, म्हणजे पेठेची फुटबॉल टीम, ठरलेली असते. पेठेतल्या माणसाला कुणी म्हणून बघावं, “यंदा तुमच्या तालमीचं काही खरं नाही, तू त्या दुसऱ्यांचा झेंडा घे.” तो धड घरी जाईल का? तालीम ओळीने पाच वर्षं पहिल्या फेरीत हरली तरी माणसं शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर उन्हात येऊन बसतात. आमच्या घरातली माणसं बसलेली मी बघितली आहेत. निष्ठा म्हणजे काय, हे मी लिव्हरपूलच्या गोदीवरून शिकलो नाही, इथेच शिकलो. आणि तीच माणसं मला सांगतात की सात हजार किलोमीटरवरच्या टीमसाठी एवढं कशाला? अंतर किती का असेना, जीव लावायची रीत तीच आहे ना?

“तुझा काय संबंध?” हा त्याच जातीचा दुसरा प्रश्न. वर्ल्डकप आला की पेठापेठांतून मेस्सीचे, नेमारचे, रोनाल्डोचे कटआउट लागतात, ब्राझील आणि अर्जेंटिनावरून मित्रामित्रांत बोलणं बंद होतं. तेव्हा कुणी विचारत नाही की ब्यूनस आयर्सशी तुमचा काय संबंध. मेस्सी जिंकतो म्हणून तो आपला. माझी टीम जिंकत नाही, म्हणून माझ्याकडे मात्र संबंधाचा पुरावा मागायचा. मुद्दा अंतराचा नाहीच, मुद्दा हरण्याचा आहे, तर तसं तोंडावर बोला.

आणि हरणं म्हणजे काय असतं, हे तुम्हाला माहीत तरी आहे का? तुम्ही लीग जिंकणार की दुसरे येणार याची चिंता करता. आमची शेवटची मोठी ट्रॉफी 1995 चा एफए कप. 1954 पासून जो क्लब एकदाही वरच्या डिव्हिजनमधून खाली गेलेला नाही, तो खाली जाताना आपण बघणार या भीतीने मी काय रात्री काढल्या आहेत! मे 2022, क्रिस्टल पॅलेसविरुद्ध. आपल्याकडे रात्री सव्वाबाराला सुरू झालेला सामना, हाफटाइमला 0-2. मग कीन, मग रिशार्लिसन, आणि पंच्याऐंशीव्या मिनिटाला कॅल्वर्ट-लेविनचा हेडर, 3-2. मी जमिनीवर बसून रडत होतो. पुढच्या वर्षी शेवटच्या दिवसापर्यंत तेच, बोर्नमथविरुद्ध डुकूरेचा तो एकच गोल आणि मग संपता न संपणारा जादा वेळ. सकाळी ऑफिसला गेलो तर एकाने विचारलं, “सतरावा नंबर आला म्हणून इतका खूश?” हो, खूश! सतरावा म्हणजे खाली जाण्यातून वाचलो. सतराव्या नंबरासाठी जे काळीज लागतं ते तुमच्या चॅम्पियन्स लीगच्या फायनललाही लागत नाही.

पॉइंट कापले तेव्हा तर कहर झाला. नोव्हेंबर 2023 मध्ये तोट्याची मर्यादा ओलांडली म्हणून दहा पॉइंट कापले. प्रीमियर लीगच्या इतिहासात तोवर एवढी मोठी शिक्षा कुठल्याच क्लबला झाली नव्हती. अपिलात दहाचे सहा झाले, मग एप्रिलमध्ये आणखी दोन गेले. एकाच हंगामात दोनदा शिक्षा! आणि मँचेस्टर सिटीवर फेब्रुवारी 2023 मध्येच शंभराहून जास्त आरोप ठेवलेले, ते ट्रॉफ्या उचलत होते. आमच्या मालकांनी पैसे उधळले, चुकीचे खेळाडू घेतले, हे मी कधी नाकारलं नाही. पण भोगलं कुणी? निषेधाची गुलाबी कार्डं हातात धरून गुडिसनमध्ये उभ्या राहिलेल्या लोकांनी. आणि इथे माझ्या फोनवर त्या दिवशी तीनतीनदा तेच, “आता तरी बदल.” घरात संकट आलं की माणूस घर सोडून शेजाऱ्याकडे राहायला जातो का? त्या आठ पॉइंटांशिवायही आम्ही त्या हंगामात पंधरावे आलो. त्याच एप्रिलमध्ये गुडिसनवर लिव्हरपूलला 2-0 हरवलं आणि त्यांची लीगची आशा मोडली. तेव्हा मात्र फोन शांत. एकाचाही मेसेज नाही.

सामना बघायला बाहेर गेलं तरी तीच वागणूक. मोठ्या पडद्यावर युनायटेड, नाहीतर लिव्हरपूल. आमचा सामना कोपऱ्यातल्या टीव्हीवर, आवाज बंद करून. त्यातही मध्येच कुणीतरी येऊन चॅनल बदलून जातो, विचारत नाही. “एकट्यासाठी कसं लावणार, सर?” पैसे मी देत नाही का? मी एकटा आहे म्हणून माझा सामना सामना नाही? रस्त्यावरच्या जर्सीवाल्याकडे बार्सिलोना, रिआल, चेल्सी ढिगाने. एव्हर्टन म्हटलं की तो चेल्सीची निळी जर्सी पुढे करून “एकच आहे, घ्या” म्हणतो. एकच नाही! इंग्लंडहून मागवावी तर जर्सीची किंमत, वर टपाल, वर सीमाशुल्क. तरीही मागवतो.

सगळ्यात जास्त लागलं ते 18 मे 2025 ला. गुडिसनवरचा पुरुष संघाचा शेवटचा सामना, साउथहॅम्प्टनविरुद्ध. आपल्याकडे दुपारी साडेचार. एन्जायने दोन गोल मारले, 2-0. सामन्यानंतर जुने खेळाडू एकेक करून मैदानात आले. 1892 पासूनचं मैदान. म्हातारी माणसं पायऱ्यांवर बसून राहिली होती, उठायलाच तयार नव्हती. माझ्या डोळ्यांना धार लागली. घरात पाहुणे होते. त्यांतले एक काका म्हणाले, “स्टेडियमच बदलतंय ना? नवं मिळालंय, मोठं मिळालंय, रडतोस काय?” मग सगळे हसले. मी काही बोललो नाही, कारण वडीलधारं माणूस. पण आज बोलतो, काका. त्या मैदानात मी कधी पाऊल ठेवलं नाही आणि आता तिथे त्यांना बघायची माझी संधी कायमची गेली. इतकी वर्षं पैसे साठवत होतो, दर वर्षी काहीतरी आडवं येत होतं, कधी घराचा हप्ता, कधी दवाखाना, कधी रजा. गुडिसन माझ्यासाठी थांबलं नाही. यात हसण्यासारखं काय होतं?

ते मैदान आता महिला संघाचं झालं, याचं मला मनापासून बरं वाटतं. पुरुष संघ ब्रॅमली-मूर गोदीवरच्या नव्या स्टेडियमात गेला, तिथला लीगचा पहिला सामना ब्रायटनविरुद्ध आम्ही 2-0 जिंकलो, पिकफर्डने पेनल्टी अडवली. तो सामना मी एकट्यानेच बघितला, कारण बोलावलं त्यातला एकही आला नाही. दुसऱ्या चॅनलवर काहीतरी “मोठं” असेल.

आणि एक सांगा. बंगळुरूने 2025 मध्ये अठराव्या हंगामात आयपीएल जिंकली, तेव्हा त्यांच्या समर्थकांचं केवढं कौतुक केलंत तुम्ही! “याला म्हणतात निष्ठा,” असं स्टेटसला टाकलंत. त्याच तुम्ही, त्याच फोनवरून, मला सांगता क्लब बदल म्हणून. आम्ही 1995 पासून थांबलोय. निष्ठेचं कौतुक कप हातात आल्यावरच करायचं असतं का? तो येईपर्यंतच्या माणसांना मूर्ख ठरवायचं?

मी क्लब बदलणार नाही. खालच्या डिव्हिजनमध्ये गेला तरी नाही, प्रक्षेपण बंद झालं आणि रेडिओवर ऐकावं लागलं तरी नाही. थंडीत आपल्याकडे सामने रात्री दीड वाजता सुरू होतात, तेव्हाही मी जागा असेन आणि सकाळी नऊला ऑफिसातही असेन. तुमच्याकडून मला साथ नको, सहानुभूती तर नकोच नको. सामना संपल्यावर मेसेज करायचाच असेल तर स्कोअर बघून, कोण कसा खेळला ते लिहा, लिव्हरपूलवाले असाल तर खुशाल भांडा, रात्रभर भांडू. पण “बदल की” हे दोन शब्द ज्याच्याकडून येतील, त्याचा नंबर मी यापुढे ब्लॉक करणार आहे. मावसभावाचाही.