इमारत उभी राहिली म्हणून बाजार उठत नाही

डिसेंबर २०२३ मध्ये सुरतेच्या खजोदला डायमंड बोर्सचं, म्हणजे हिरे व्यापाऱ्यांच्या ऑफिसांच्या संकुलाचं, उद्घाटन झालं, तेव्हापासून एक मेसेज फिरतो आहे: 'मुंबईचा हिरेबाजार गेला. सुरतेत साडेचार हजार ऑफिसं, पेंटॅगॉनपेक्षा मोठी इमारत, जागा स्वस्त, कारखानेही तिथेच. बीकेसी ओस पडणार.' बीकेसी म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुल, मुंबईचा हिरेबाजार सध्या तिथे आहे. पाठवणाऱ्यांची मुंबईबद्दलची कळकळ खरी आहे, म्हणूनच सविस्तर उत्तर द्यावंसं वाटलं.

'कारखाने तिथे, मग व्यापारही तिथेच.' जगातल्या दहापैकी साधारण नऊ हिऱ्यांना सुरतेत पैलू पडतात, हे खरंच. पण हे कालपरवा घडलेलं नाही. सुरतेचे कारखाने वाढत होते त्याच दशकांत मुंबईतल्या पेढ्याही वाढल्या. कारागीर मिळतो तिथे कारखाना जातो, गिऱ्हाईक उतरतं तिथे पेढी. अँटवर्पमधलंही पैलू पाडण्याचं बरंचसं काम केव्हाच भारतात आलं. व्यापार मात्र तिथल्या रेल्वे स्टेशनालगतच्या गल्ल्यांत टिकला.

'जागा स्वस्त, म्हणून जातील.' खरी गफलत इथे आहे. दुपारी परदेशी खरेदीदार येतो. त्याला एका रंगाचे, एका शुद्धतेचे, एकाच मापाचे दोनशे हिरे हवे असतात. एका पेढीत तेवढे जुळत नाहीत. मग दलाल उठतो, आठ-दहा दारं फिरतो आणि जांगडवर माल उचलतो. पैसे द्यायचे नाहीत, चिठ्ठीवर नोंद करायची. पसंत पडला तर सौदा, नाही तर माल परत. तासाभरात टेबलावर एकेक पुडी उलगडते. निळसर अस्तराचा कागद, चिमटा, भिंग. संध्याकाळी नापसंत पुड्या ज्याच्या त्याच्या तिजोरीत परत गेलेल्या असतात. हे सगळं नावावर आणि ओळखीवर चालतं, आणि ती दारं पायी फिरता येतात म्हणून चालतं. एकट्याने सुरतेला जाणारा व्यापारी भाडं वाचवतो आणि ही दारं गमावतो. म्हणून प्रत्येक जण म्हणतो, आधी बाकीचे जाऊ देत.

याचा अनुभव खुद्द सुरत बोर्सच्या धुरिणांनी घेतला. तेव्हाचे अध्यक्ष वल्लभभाई लाखानी यांच्या किरण जेम्सने मुंबईचं काम तिकडे हलवलं आणि २०२४ च्या सुरुवातीलाच ते पुन्हा मुंबईत आणल्याच्या बातम्या आल्या. सुरतेतल्या व्यापाऱ्यांनीसुद्धा महिधरपुरा आणि वराछाचा बाजार लगेच सोडला नाही. खजोद त्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाला पडतं.

'शेठ गेले की माणसं जातीलच.' या वाक्याचा मला मनापासून राग येतो. असॉर्टर (हिऱ्यांची प्रतवारी करणारे), हिशेबनीस, शिपाई ही माणसं भाईंदर-विरारहून येतात. घराचा हप्ता चालू असतो, नवरा किंवा बायको दुसऱ्याच धंद्यात नोकरीला, पोरगी दहावीला, सासूबाईंचे डॉक्टर ठरलेले. दोन पगारांवर चालणारं घर एका पगारासाठी गाव बदलत नाही. वर्षानुवर्षं भिंगाखाली हिरे निवडून ज्या बाईची नजर तयार झाली आहे, ती मागे राहिली तर तिच्याइतकं काम दुसऱ्या कुणाला शिकवायला शेठला पुन्हा काही वर्षं घालवावी लागतील.

'पण बाजार ऑपेरा हाऊसहून बीकेसीला गेलाच ना?' हा प्रश्न मात्र रास्त आहे. गेला, पण कसा ते बघा. बीकेसीतला बाजार ज्या भारत डायमंड बोर्सचा, ती संस्था १९८४ ची, आणि बीकेसीतलं कामकाज सुरू झालं २०१० मध्ये. तोवर पंचरत्न इमारत आणि आजूबाजूच्या गल्ल्याच बाजार होत्या. जुलै २०११ मध्ये ऑपेरा हाऊसला बॉम्बस्फोट झाला आणि रेंगाळलेल्यांनीही लगबग केली. नव्या जागी कस्टम्स, बँका, तिजोऱ्या एकाच आवारात होत्या, विमानतळ आणखी जवळ आला होता. शिवाय शहर तेच राहिलं, त्यामुळे कामावरच्या माणसाला घर हलवावं लागलं नाही, फक्त उतरायचं स्टेशन बदललं.

तेव्हा मुंबईची काळजी असलेल्यांनी खजोदच्या मजल्यांची मोजदाद सोडावी आणि विमानांचं वेळापत्रक बघावं. हाँगकाँगचा खरेदीदार मुंबईत न उतरता थेट सुरतेत उतरू लागला, आणि त्याच्यासमोर दहा पेढ्यांचा माल त्याच दुपारी मांडला जाऊ लागला, की हा मेसेज मी स्वतः पुढे पाठवीन.